कुंपणापलीकडचा योझे

जून लागला की आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या बाहेर, बॉइन नदीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर गाडीची काच खाली करायची आणि वास घ्यायचा. हे माझ्या कामांच्या यादीत असतं. खरोखर लिहिलेलं असतं, विम्याच्या हप्त्याच्या खाली आणि मुलीच्या दातांच्या डॉक्टरच्या वर. इथले शेतकरी गवत वाळवत बसत नाहीत. पावसाचा भरवसा नाही, म्हणून ते ओलसरच कापतात, काळ्या प्लास्टिकात घट्ट गुंडाळतात आणि ते भलेमोठे गोळे शेताच्या कडेला लावून ठेवतात. कापलेल्या गवताचा कोवळा वास आणि त्याखालून येणारा आंबूस, डोशाच्या पिठासारखा वास. तो नाकात शिरला की मला माझं गाव आठवतं.

‘माझं गाव’ हे शब्द चुकून पडलेले नाहीत. मी ते मुद्दाम लिहिले आहेत.

मी नागपूरजवळच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढले. टाइप टू क्वार्टर, दोन खोल्या, मागे पेरूचं झाड. बाबा निवृत्त झाले त्या महिन्यात आम्ही किल्ली परत केली, आणि पुढच्या माणसासाठी भिंतींना चुना मारला गेला. आमच्या उंचीच्या खुणा त्या चुन्याखाली गेल्या. माझ्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे, म्हणजे मागे कुठेतरी एक गाव असणार. पण त्या नावाची गावं महाराष्ट्रात तीन-चार आहेत आणि त्यांतलं आमचं कोणतं हे घरात कुणालाच ठाऊक नाही. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ताटं हातात आली की प्रश्न येतोच, “तुमचं मूळ गाव कोणतं हो?” मी सांगायचे, “क्वार्टर.” लोक आधी हसायचे, मग त्यांच्या चेहऱ्यावर दया यायची. हसण्याला माझी हरकत नाही. दया मला पचत नाही.

आलेन्का आमच्या समोरच्या घरात राहते. ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते, एकटी आहे, आणि माझ्यासारखीच वेळेची पक्की. कचऱ्याच्या डब्यांच्या वारावरून आमची ओळख झाली. ती स्लोव्हेनियाची. तिचं गाव झाब्रेग. नावाचा अर्थ ‘चढामागचं’. वीस-बावीस घरं, मधोमध एक म्हातारं लिपाचं, म्हणजे लिंडनचं, झाड, त्याच्याखाली दगडी डोणीत अखंड पडणारं झऱ्याचं पाणी, वरच्या टोकाला देऊळ. म्हणजे चर्च; पण तिच्या तोंडून त्याचं वर्णन ऐकताना माझ्या मनात देऊळच यायचं. खाली खोल दरीत नदी, इतकी निळी-हिरवी की फोटोवर कुणी रंग ओतलाय असं वाटावं. आणि बाकी सगळा उतार. एवढा तीव्र की तिथे गवताखेरीज काही पिकत नाही आणि यंत्राच्या मागे माणसाला पायांनी चालावंच लागतं. पाऊस तिथेही इथल्यासारखाच लहरी. म्हणून त्यांनी प्रत्येक कुरणाकाठी छप्पर घातलेली उंच लाकडी मांडणी उभी केली आहे. आडव्या दांड्यांवर गवत टाकायचं, वाऱ्याने ते वाळतं, पावसाने भिजत नाही. आयर्लंडला हे सुचलं नाही, यावर आलेन्काचं ठाम मत आहे. ते ती इथल्या शेतकऱ्यांनाही ऐकवते. ते “ग्रँड, ग्रँड” म्हणतात आणि प्लास्टिक गुंडाळत राहतात.

त्या गावाचा शत्रू एकच, रान. माणसं खालच्या कारखान्यात गेली, मग शहरात गेली, आणि रान वरून खाली यायला लागलं. एका जूनमध्ये गवत कापलं नाही तर काटेरी झुडपं येतात, मग हेझल, मग बर्चची झाडं. “आमच्याकडे घर पडत नाही गं,” आलेन्का म्हणायची, “रान दाराशी येऊन उभं राहतं आणि आत यायची वाट बघतं.” तिच्या घराचं कुरण घराच्या मागच्या उतारावर. घर आणि कुरण दोन्हींत तिचा चुलतभाऊ मातिया अर्ध्याचा मालक. तो ल्युब्लियानात राहतो, त्याच्याकडे सुट्टीच्या घरासाठी गिऱ्हाईक तयार होतं. दोघांत एक बोली ठरली होती. जोवर आलेन्का दरवर्षी जूनमध्ये कुरण कापून घेते, तोवर विकायचं नाव मातिया काढणार नाही. ज्या वर्षी गवत उभं राहील, त्या वर्षी ती सही करेल. दरवर्षी ती रजा टाकून जायची, कापायची, वाळवायची, परत यायची. लोक तिला वेडी म्हणायचे. मी म्हणायचे, रजेचा अर्ज आधी टाक, नंतर रोस्टर भरतं.

आणि मग गेल्या वर्षी, मेच्या शेवटी, ती पन्हळीतली पानं काढायला शिडीवर चढली आणि पडली. घोटा मोडला. तिच्याच खात्यातल्या मैत्रिणीने तिचा एक्स-रे काढला.

ती आमच्या स्वयंपाकघरात बसली होती, प्लास्टरमधला पाय खुर्चीवर, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, “झालं. सही करायची.”

माझी आई तेव्हा उन्हाळ्यासाठी आली होती. आई वर्धेकडची, आणि पस्तीस वर्षं कॉलनीत राहूनही तिची बोली तशीच आहे. तिला इंग्रजी येत नाही, आलेन्काला मराठी येत नाही, तरी दोघींचं जमायचं. आईने माझ्याकडून सगळी गोष्ट समजून घेतली आणि म्हणाली, “एवढंच ना? मंग दुसऱ्याले सांगा कापाले. गावात माणसंच नाई का?”

माणसं होती. सांगायचं कसं, हा प्रश्न होता. आणि कसं हा प्रश्न आला की तो माझा असतो.

मी आलेन्काला म्हटलं, गाव दाखव. तिने कागद मागितला. आईने कागद बाजूला सारला, प्रेसमधून, म्हणजे इथल्या कपाटातून, वाट्या काढल्या आणि टेबलावर गाव मांडायला घेतलं. लाटणं म्हणजे नदी. कुकरचं झाकण म्हणजे देऊळ. मिसळणाचा डबा लिपाचं झाड. वाट्या म्हणजे घरं. आलेन्का बोटाने सरकवायची, आई बरोबर जागी ठेवायची. “अन् हे कायचं?” आई विचारायची. मी भाषांतर करायचे. “हे सुताराचं घर.” “सुतार हाय का आता?” “नाही. तिथला माणूस शाळेत शिकवायचा. पण घर सुताराचं.”

तेव्हा मला ती रीत कळली. झाब्रेगमध्ये घराला नाव असतं, आणि ते तिथे राहणाऱ्याला चिकटतं. आडनाव शाळेच्या हजेरीपुरतं. आलेन्काचं घर ‘झ्वोनार’, म्हणजे घंटा वाजवणाऱ्यांचं. तिच्या पणजोबांच्याही आधी कुणीतरी देवळाची घंटा वाजवायचं. पहिल्या महायुद्धात खालच्या नदीवर आघाडी होती. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या बादशहाच्या सैन्याने तोफा ओतायला गावाची घंटा उतरवून नेली. घंटा गेली, नाव राहिलं. पुढे नवी घंटा आली, ती आता बटण दाबून विजेवर वाजते. तरी ते घर घंटावाल्यांचंच.

“मी उद्या तुझ्या घरात राहायला गेले तर?” मी विचारलं.

“तर तू झ्वोनार. तुला कुणी विचारणार नाही.”

“आणि माझं नाव?”

“ते पोस्टमनसाठी.”

तिची आजी बादशहाच्या राज्यात जन्मली, इटलीच्या राज्यात शाळेत गेली, युगोस्लाव्हियात म्हातारी झाली आणि स्लोव्हेनियात वारली. या सगळ्यात तिने गाव एकदाही सोडलं नाही. इटलीच्या काळात मास्तर नवा आला, तिची भाषा वर्गाबाहेर ठेवली गेली, आडनावाला इटालियन शेपूट लागलं. पुढच्या सरकारने ते शेपूट कापलं. प्रत्येक सरकारने येऊन गावाच्या पाट्या रंगवल्या. पण घराची नावं कुठेच लिहिलेली नव्हती, त्यामुळे ती पुसायला कुणाच्या हाती काही लागलं नाही. संध्याकाळी गाय हरवली की आजी डोंगरावरून ओरडायची, “अगं झ्वोनारांची!” आणि गायसुद्धा परत यायची. हे सांगताना आलेन्का हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. आईने भाषांतराची वाट न बघता तिच्यासमोर चहा ठेवला.

मी पाट्या रंगवणाऱ्यांतली आहे, हे मला कबूल. माझं काम सॉफ्टवेअर कंपनीत लोकांना खात्यांत बसवायचं, प्रत्येकाला नाव, प्रत्येक नावापुढे काम. ज्याला खात्यात बसवता येत नाही त्याला चिकाटीने टिकता येतं, हे मला त्या टेबलावर पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी आलेन्का प्लास्टर दाखवायला हॉस्पिटलात गेली. जाताना म्हणाली होती, “योझेला सांगायला हवं. योझे कापेल.” मी वाट बघत बसणाऱ्यांतली नाही. दरीत, नदीकाठी, एक खाणावळ आहे. मासे धरायला आणि नदीत होड्या घालायला येणारे परदेशी तिथे उतरतात, त्यामुळे मालकीणबाईंना इंग्रजी येतं. त्यांचा नंबर मिळाला. मी फोन उचलला तेव्हा इरा, माझी चौदा वर्षांची मुलगी, टोस्ट खात होती.

“आई, यू कान्ट जस्ट रिंग अ व्हिलेज!”

“का नाही? फोन आहे त्यांच्याकडे.”

“दे’ल थिंक यू’र मेंटल.”

“वाटू दे.”

मालकीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “कोणता योझे? वर तीन आहेत. आडनाव एकच.”

मी टेबलाकडे बघितलं. गाव अजून मांडलेलं होतं; आईने जेवणाची ताटंसुद्धा ओट्यावर वाढली होती. आलेन्काच्या कुरणाच्या कडेला कुंपण होतं, म्हणजे उलथनं. उलथन्याला लागून एक वाटी होती. त्या वाटीबद्दल आदल्या दिवशी आलेन्का एवढंच म्हणाली होती, “तिथेही एक योझे.” कामाचा साधा नियम आहे, जो सर्वांत जवळ, त्याला सांगा.

“ज्याचं कुरण कुंपणाला लागून आहे, तो,” मी म्हटलं.



“कुंपणापलीकडचा योझे?”

“हो. जवळचाच बरा.”

“तुमची खात्री आहे?”

“शंभर टक्के.”

“आणि सांगायचं कुणाकडून?”

“झ्वोनारांकडून.”

“ठीक आहे,” बाई सावकाश म्हणाल्या. “मी स्वतः वर जाऊन सांगते. हे फोनवर सांगण्यासारखं नाही.”

मला त्यांच्या तत्परतेचं कौतुक वाटलं. मी यादीवर बरोबरची खूण केली.

आलेन्का कुबड्यांवर परत आली. मी सांगितलं. ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, “कोणती वाटी?” मी दाखवली. तिने ती वाटी उचलली, हातात धरली, आणि किती तरी वेळ खाली ठेवली नाही.

मी सांगायला हवा होता तो योझे सुताराचा, गावाच्या दुसऱ्या टोकाला, देवळाजवळ. ही वाटी म्हणजे ‘म्लिनार’, पिठाच्या गिरणीवाल्यांचं घर. म्लिनारांची गवताची गाडी पूर्वी झ्वोनारांच्या कुरणातून जायची. आलेन्काच्या आजोबांनी एका वर्षी ती अडवली आणि कुंपण घातलं. त्या दिवसापासून दोन घरांत बोलणं नाही. देवळात मान हलवायची, रस्त्यावर नाही. लग्नाला बोलवायचं नाही, मयताला मात्र जायचं. तिच्या आईच्या मयताला हा योझे आला होता, मागे उभा राहिला होता, आणि न जेवता गेला होता.

“तू माझ्या आजोबांना परत एकदा मारलंस,” आलेन्का म्हणाली.

“आजोबा येणार होते का कापायला?” मी म्हटलं.

आई ओट्यापाशी होती. तिला शब्द कळले नाहीत, सूर कळला. “काय वं,” ती मला म्हणाली, “दुखणाइताशी असं बोलतेत का?”

आलेन्का निघून गेली. मी तिच्यामागे गेले नाही आणि माफीही मागितली नाही. आजही मागणार नाही. जो माणूस कुंपणाच्या दोन हात पलीकडे राहतो त्याला सोडून गावभर वळसा घालायचा, ही त्यांची रीत असेल. ती मला कुणी सांगितली नव्हती, आणि सांगितली असती तरी मी एकदा विचारलंच असतं की किती दिवस?

पण एक गोष्ट मी रोज बघत होते. कापणी थांबवायला तिला खाणावळीत एक फोन पुरेसा होता. तो फोन तिने केला नाही. म्लिनारचा हात लागलेलं कुरण, की मातियाच्या गिऱ्हाइकाचं घर, हे तिचं तिलाच ठरवायचं होतं. तिच्या खिडकीत दिवसभर पडदा ओढलेला असायचा. आई रोज डब्यात काहीतरी द्यायची, इरा नेऊन द्यायची, डबा धुऊन परत यायचा. आत काही नसायचं. आईला ते आवडायचं नाही. “रिकामा डबा देतेत का कोणी?” एका दिवशी डब्यात चार अक्रोड आले. आई म्हणाली, “आता बोलंन.”

बाहेर आमच्या लूथ काउंटीचा पाऊस पडत होता, तो आडवा, बारीक, छत्रीला न जुमानणारा पाऊस. इराने न सांगता आपल्या फोनवर झाब्रेगचं हवामान लावलं होतं. नाश्त्याला ती ते वाचून दाखवायची. “ड्राय टिल थर्सडे,” ती म्हणायची, जणू तिची स्वतःची मॅच आहे. आम्ही तिघी, तीन पिढ्या, ज्या डोंगरावर कधी पाय ठेवला नाही तिथल्या उन्हासाठी श्वास रोखून बसलो होतो. माझ्या भावाचा नागपूरहून फोन आला तेव्हा तो म्हणाला, “कुणाचं गवत, कुणाचं गाव, तुला काय करायचंय?” मी म्हटलं, मला करायचंय. एवढं कारण पुरतं. ज्याला गाव असतं त्याला ते सोडायची सवड असते. मला नाही.

शुक्रवारी खाणावळीच्या बाईंनी फोटो पाठवले. मी ते घेऊन समोर गेले आणि आलेन्काने दार उघडलं.

कुरण कापलेलं होतं. वरपासून खालपर्यंत, हिरव्या आणि फिक्या पट्ट्यांत, जशी नीट नेसलेली साडी. गवत छपराखाली, आडव्या दांड्यांवर. आलेन्काने फोटो बोटांनी मोठा केला आणि कडेला थांबली. कुंपणाचे दोन खांब काढून गवतात आडवे ठेवलेले होते. यंत्र आत न्यायला.

तिने फोन लावला. आधी खाणावळीत, नंबर घ्यायला. मग त्याला. त्या दोन घरांतलं, तिच्या आयुष्यातलं, हे पहिलं बोलणं. मला फक्त एका बाजूचं ऐकू येत होतं, तेही न कळणाऱ्या भाषेत. ती फार कमी बोलली. ठेवल्यावर म्हणाली:

“म्हणतो, गवत वाळलं. आणि जेवण राहिलंय.”

तिथे ज्याचं कुरण, त्याच्या घराने कापणाऱ्याला जेवू घालायचं असतं. त्याशिवाय कापणी पुरी झाली असं धरत नाहीत. मजुरी दिली तर अपमान होतो, जेवण दिलं नाही तर त्याहून मोठा.

“अजून?” मी विचारलं.

“विचारतो, खांब आता परत लावू की जेवणानंतर?”

“मग तू काय म्हणालीस?”

“जेवणानंतर.”

आणि ती इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली.

मातियाला तिने फोटो पाठवला. त्याने विचारलं, कुणी कापलं? तिने लिहिलं, म्लिनारांनी. त्यानंतर त्याने विक्रीचा शब्द काढलेला नाही. आजोबांच्या कुंपणापलीकडून माणूस येऊन गवत कापतो, त्या घराची किंमत गिऱ्हाइकाला सांगायची कशी, हे त्याला अजून सुचलेलं नसावं.

घोटा बरा झाल्यावर, ऑगस्टमध्ये, गवताच्या दुसऱ्या कापणीला आलेन्का गेली. तिने कुरणातच जेवण मांडलं. पाव, डुकराचं सुकवलेलं मांस, घरचं पनीर, आणि माझ्या आईने डब्यात भरून दिलेल्या तिळाच्या पोळ्या. योझेने पोळी उलटीपालटी करून बघितली, वास घेतला, तीन खाल्ल्या. खांब परत लावले का, हे मी पहिलं विचारलं. अर्धवट कामं मला झोपू देत नाहीत. नाही लावले. ते अजून आडवेच आहेत. त्यांच्यावर बसूनच दोघं जेवले.

आणि आणखी एक. त्या जेवणात योझेने विचारलं होतं की तो निरोप देणारी बाई कोण. आलेन्का माझं नाव सांगायला लागली. खाणावळीच्या बाई तिथे होत्या, त्या मध्येच म्हणाल्या, “झ्वोनारांची. ती आयर्लंडमधली.” योझेने मान हलवली. एवढ्यावरच निकाल लागला.

यंदाचा जून आलाय. बॉइनच्या कडेने काळे गोळे मांडले गेलेत. आलेन्काची आणि माझी, दोघींची रजा मंजूर आहे. अर्ज मी फेब्रुवारीतच टाकले. आई नागपूरहून फोनवर तीळ किती, गूळ किती सांगते आणि प्रत्येक वेळी माप वाढवते. “तिघं योझे हायेत ना,” ती म्हणते, “एकालेच कायले देतं?”

गेल्या रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात एक नवीन आलेल्या काकू भेटल्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्यात, साताऱ्याच्या. ताट हातात आलं आणि प्रश्न आलाच.

“तुमचं गाव कोणतं म्हणायचं?”

“झाब्रेग,” मी म्हटलं.

“अगंबाई. कुठल्या जिल्ह्यात येतं हे?”

“डोंगरात. नदीच्या वर, चढामागे. जूनमध्ये कापणी असते, मला जावंच लागतं.”

“मग घरचं बघायला कुणी आहे का तिकडे?”

“आहे ना,” मी म्हटलं आणि वरणभाताला हात घातला. “कुंपणापलीकडे.”